वेगदेवतेचा जमाखर्च

यंत्रांचा इतिहास बहुधा कारखान्याच्या दारापाशीं सुरू होतो आणि तेथेंच संपतो. अमुक यंत्र कोणीं, कोणत्या सालीं व कोणत्या गांवीं प्रथम बनविलें, त्याचा प्रसार किती झाला, आणि पुढें कोणत्या नव्या यंत्रानें त्यास मागें टाकलें, एवढें सांगितलें म्हणजे इतिहासकाराचें काम संपलें असें समजण्याचा प्रघात आहे. परंतु थोडा विचार केला असतां असें दिसून येईल कीं, कोणतेंही यंत्र कारखान्यांत फार थोडे दिवस असतें. त्याचें खरें आयुष्य जातें तें वापरणाराच्या आणि दुरुस्त करणाराच्या हातीं. तेथें तें झिजतें, मोडतें, त्याचे भाग काढले जातात, नवे बसविले जातात, आणि कधीं कधीं तर जन्मदात्यानेंही ओळखूं नये इतकें तें पालटून जातें. या दुसऱ्या आयुष्याची नोंद मात्र सहसा कोणी ठेवीत नाहीं. कारखान्याला हिशेबाच्या वह्या असतात. अडगळीच्या खोलींत रात्रीं दिव्याच्या उजेडांत कानस चालविणाऱ्या माणसाला त्या कोठून असणार?

न्यूझीलंडमधील बर्ट मन्रो या गृहस्थानें १९२० सालीं बनलेली एक मोटारसायकल सुमारें अर्धें शतक बाळगली, आणि तिचें इंजिन स्वतःच्या हातांनीं, अत्यंत थोड्या पैशांत, पुन्हां पुन्हां उभें केलें. तिच्या वेगाच्या विक्रमांची कथा आतां जगभर ठाऊक आहे. तथापि त्या कथेंत 'थोड्या पैशांत' हे शब्द ज्या सहजतेनें उच्चारले जातात तितके ते सहज आहेत काय, याचा विचार फारसा होत नाहीं. जुनें इंजिन स्वस्तांत पुन्हां उभारतां येतें असें आपण म्हणतों, तेव्हां खर्च खरोखरच कमी होतो, कीं तो दुसऱ्या एखाद्या खात्यांत नांवें पडतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम यंत्राची जन्मकथा पाहूं. 'इंडियन' हें गाडीचें नांव वाचून आपल्या वाचकांचा गैरसमज होण्याचा संभव आहे. म्हणून आरंभींच सांगितलें पाहिजे कीं, त्याचा हिंदुस्थानाशीं कांहीं संबंध नाहीं. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत स्प्रिंगफील्ड येथें जॉर्ज हेंडी व ऑस्कर हेडस्ट्रॉम यांनीं १९०१ सालीं या गाड्यांचा धंदा आरंभिला, आणि अमेरिकेच्या मूळ रहिवाशांस यूरोपियनांनीं जें नांव दिलें होतें तेंच आपल्या मालास दिलें. मन्रोची गाडी 'स्काउट' जातीची. ही जात डब्लिनहून अमेरिकेंत गेलेल्या चार्ल्स फ्रँकलिन या आयरिश अभियंत्यानें रचली होती. फ्रँकलिन स्वतः नांवाजलेला स्वार होता. १९११ सालीं आइल ऑफ मॅन बेटावरील प्रसिद्ध शर्यतींत इंडियन गाड्यांनीं पहिले तीनही क्रमांक पटकावले, त्यांत दुसरा क्रमांक त्याचा होता. स्काउटचें इंजिन सुमारें ६०० घन सेंटिमीटरचें; त्याचीं दोन सिलिंडरें इंग्रजी 'व्ही' अक्षराप्रमाणें ४२ अंशांच्या कोनांत बसविलेलीं; झडपा सिलिंडरच्या माथ्यावर नसून बाजूस. इंजिनाची शक्ति गिअरपेटीकडे नेण्याकरितां साखळीऐवजीं तेलांत बुडालेलीं दातेरी चाकें योजलीं होतीं. अशी ही दणकट आणि विश्वासू गाडी होती. तिचा मूळचा कमाल वेग ताशीं ५५ मैल. त्या जातीची ६२७ वी गाडी कारखान्यांतून निघून न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाशीं असलेल्या इन्व्हरकार्गिल गांवीं पोहोंचली, आणि १९२० सालीं मन्रोनें ती विकत घेतली.

मन्रोचा जन्म १८९९ सालचा, इन्व्हरकार्गिलजवळच्या एडनडेल येथील शेतकरी घराण्यांतला. पोटासाठीं तो मोटारसायकली विकण्याचें व दुरुस्त करण्याचें काम करी. विद्यापीठांतील अभियांत्रिकीचें शिक्षण त्याला नव्हतें, आणि गांठीं पैसाही बेताचाच. १९२६ सालीं त्यानें आपल्या गाडींत फेरफार करण्यास सुरुवात केली.

येथें देशाच्या परिस्थितीचाही विचार केला पाहिजे. न्यूझीलंड हा यंत्रें बनविणाऱ्या देशांपासून अतिशय दूर. सुटा भाग मागविणें म्हणजे आगबोटीची वाट पाहणें. त्यांत १९३८ च्या डिसेंबरांत तेथील सरकारनें परदेशी मालावर परवान्यांचें बंधन घातलें, आणि तें कोणत्या ना कोणत्या स्वरूपांत पुढें कित्येक दशकें टिकलें. अशा देशांत जुनें यंत्र टाकून देणें कोणास परवडणार? शेताच्या कुंपणाकरितां वापरली जाणारी सुमारें चार मिलिमीटर जाडीची 'आठ नंबरची तार' तेथील बोलीभाषेंत म्हणीसारखी रुळली आहे. त्या तारेनें वाटेल तें जमवून आणणारा माणूस म्हणजे हिकमती माणूस, असा तिचा अर्थ. मन्रोची गणना आतां या परंपरेंत होते, आणि ती कांहीं अंशीं योग्यही आहे. परंतु आयातीचीं बंधनें येण्यापूर्वीं बारा वर्षें त्याचा उद्योग सुरू झाला होता, हें विसरतां कामा नये. केवळ टंचाईनें त्याचा उलगडा होत नाहीं. खरें कारण असें दिसतें कीं, त्याला हवे असलेले भाग कोणत्याही कारखान्याच्या यादींत नव्हते. ताशीं ५५ मैलांकरितां बनविलेल्या इंजिनापासून त्याला त्याच्या दुप्पट, तिप्पट वेग हवा होता. असा भाग श्रीमंतालाही दुकानांतून आणतां आला नसता. त्यानें फार तर पैसे देऊन कुशल कारागिराकडून तो करून घेतला असता. मन्रोजवळ तो मार्ग नव्हता, म्हणून त्याला स्वतःच कारागीर व्हावें लागलें.

आतां इंजिनाच्या पोटांत काय घडतें तें थोडक्यांत पाहिलें पाहिजे, कारण त्यावांचून मन्रोच्या उद्योगाचें मोल कळणार नाहीं. सिलिंडरमध्यें दट्ट्या वरखालीं जात असतो, आणि जोडदांडा त्याची ही हालचाल खालच्या फिरत्या भागाकडे पोहोंचवितो. दट्ट्या जोडदांड्याच्या तिरपेपणामुळें सिलिंडरच्या भिंतीवर एका अंगास रेटला जातो. त्यामुळें कालांतरानें भिंत असमान झिजून सिलिंडरची गोलाई जाते. साध्या दुरुस्तींत सिलिंडर आंतून किंचित् अधिक कोरून पुन्हां गोल करतात व त्या मापाचा मोठा दट्ट्या घालतात. असें दोन तीन वेळां केल्यावर भिंत पातळ झाली, म्हणजे आंत ओतीव लोखंडाचें नवें अस्तर बसवितात. मूळची ओतीव वस्तु वांचते, आणि खर्च आटोक्यांत राहतो. जुन्या इंजिनांची काटकसरीनें दुरुस्ती करणारे सर्व देशांतील कारागीर आजही याच रीतीनें चालतात.

मन्रोनें ही रीत शेवटच्या टोकापर्यंत ताणली. अस्तरावर न थांबतां त्यानें ओतीव लोखंडाच्या जुन्या गॅसच्या नळांतून सिलिंडरच कोरून काढलीं. ही निवड वेडगळ वाटली तरी तिच्यांत धातूची जाण होती. ओतीव लोखंडांत ग्रॅफाइटचे सूक्ष्म पापुद्रे असतात. ते घर्षण कमी करतात आणि तेल धरून ठेवण्यास मदत करतात. सिलिंडरला हाच गुण हवा असतो. दट्ट्यांकरितां तो जुने दट्टे वितळवी आणि डबे वगैरे जें मिळेल तें सांच्यासाठीं वापरून नवे ओती. जोडदांडे त्यानें कॅटरपिलर ट्रॅक्टरच्या टाकाऊ आंसाच्या पोलादांतून कानशीनें घांसून घडविले आणि नंतर तापवून पाणी देऊन त्यांस चिवटपणा आणला. गतिपालक चाकें त्यानें स्वतः केलीं. मूळच्या दोन कॅमांच्या जागीं चार कॅमांची रचना योजली. बाजूच्या झडपा काढून त्या माथ्यावर आणल्या, कारण तसें केल्यानें हवा व इंधन यांचें मिश्रण कमी वळणें घेऊन आंत शिरतें. वंगणाची व्यवस्था नवी केली, आणि शक्ति चाकांकडे नेण्यासाठीं तिहेरी साखळी बसविली. या सर्व कामीं सूक्ष्म मापें घेण्यास किंमती साधन नव्हतें. चाकाची एक जुनी तार, म्हणजे स्पोक, हेंच त्याचें मापन्याचें साधन.

हें वर्णन वाचतांना मनाला गंमत वाटते, आणि बहुतेक लेखक त्या गंमतीवरच थांबतात. परंतु त्याची दुसरी बाजू पाहूं. घरीं वितळविलेल्या धातूंत कोणतें मिश्रण किती आहे हें सांगतां येत नाहीं. ओततांना आंत वायूचे बुडबुडे राहिले तर ते डोळ्यांस दिसत नाहींत. कारखान्यांतील तज्ज्ञ असा भाग तपासून बाजूस काढतो. मन्रोला मात्र परीक्षेची एकच पद्धत उपलब्ध होती, ती म्हणजे तो भाग इंजिनांत घालून, इंजिनावर स्वतः बसून, तें पूर्ण वेगानें पळविणें. दट्ट्या चांगला कीं वाईट हें तो फुटल्यावर समजे. श्रीमंत संशोधक ज्या चुका प्रयोगशाळेंतील मेजावर करतो त्या यानें धांवत्या गाडीवर केल्या.

शिवाय जुन्या इंजिनाच्या बाबतींत एक नियम असा आहे कीं, एक भाग सुधारला म्हणजे शेजारचा भाग अपुरा पडतो. सिलिंडर मोठें केलें कीं दट्ट्या मोठा व जड होतो. जड दट्ट्यास एका मिनिटांत हजारों वेळां थांबवून उलट दिशेस ओढावयाचें काम जोडदांड्यावर येतें, आणि फेऱ्यांची संख्या दुप्पट केली तर हा ताण दुप्पट न होतां चौपट होतो. म्हणून जोडदांडा बदलावा. तो टिकला कीं खालचे धारवे कुरकुर करूं लागतात. ते सुधारले कीं वंगण कमी पडतें. तेंही साधलें कीं वाढलेली शक्ति क्लच व साखळी यांस पेलत नाहीं. स्काउटचें इंजिन मूळच्या ६०० पासून वाढत वाढत शेवटीं सुमारें ९५० घन सेंटिमीटरपर्यंत गेलें. त्या वाढीच्या प्रत्येक पायरीवर ही साखळी पुन्हां आरंभापासून चढावी लागली असली पाहिजे. आणि इंजिनानें शक्ति दिली तरी पुढें हवा उभीच. गाडीचा आकार तोच ठेवला तर हवेचा प्रतिकार भेदण्यास लागणारी शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. ५५ मैलांपासून १८४ मैलांपर्यंत जाणें म्हणजे वेग साडेतीनपटींहूनही कमीच वाढविणें. परंतु त्याकरितां शक्ति मात्र सुमारें ३७ पट लागेल. एवढी शक्ति त्या इंजिनांतून निघणें अशक्य, म्हणून मन्रोला हवा सहज कापणारें लांबट कवचही हातांनीं घडवावें लागलें.

या प्रदीर्घ झगड्यांत जे भाग मोडले ते त्यानें फेकून दिले नाहींत. फुटलेले दट्टे, वांकलेले दांडे, जळालेल्या झडपा यांनीं त्याच्या खोलींतील एक फळी भरली, आणि त्या फळीवर त्यानें इंग्रजींत अक्षरें लिहिलीं. त्यांचा अर्थ 'वेगदेवतेस अर्पण केलेला नैवेद्य' असा होतो. या लिखाणांत थट्टा आहे हें खरें. पण आमच्या मतें त्याच्या उद्योगाचा तोच सर्वांत विश्वसनीय दस्तऐवज होय. विक्रमाचे आंकडे त्यानें काय मिळविलें तें सांगतात. तें मिळविण्यासाठीं काय खर्ची पडलें तें ही फळी सांगते. एक जमेची बाजू, दुसरी खर्चाची.

जमेची बाजूही थोडक्यांत पाहूं. १९४० सालीं त्यानें न्यूझीलंडमध्यें ताशीं १२०.८ मैलांचा वेग नोंदविला. पुढें त्याचें लक्ष अमेरिकेच्या यूटा राज्यांतील बॉनव्हिलच्या मिठागराकडे गेलें. हें मीठ म्हणजे एका प्राचीन सरोवराचा आटलेला तळ. पांढरा, सपाट, मैलोगणती पसरलेला, समुद्रसपाटीपासून सुमारें ४,२०० फूट उंच. तेथील हवा विरळ असल्यामुळें समुद्रकांठच्या गांवीं जुळविलेलें इंजिन तेथें तसेंच चालत नाहीं. त्याच्या इंधनाचें प्रमाण पुन्हां बसवावें लागतें. मन्रो तेथें एकंदर दहा वेळां गेला. त्यांतील पहिली खेप केवळ पाहण्यासाठीं; उरलेल्या नऊ खेपांत त्यानें गाडी पळविली आणि १९६२, १९६६ व १९६७ या तीन वर्षीं विक्रम केले. १९६२ च्या विक्रमाचा वेग ताशीं सुमारें १७९ मैल होता. १९६७ सालीं, वयाच्या ६८ व्या वर्षीं, एक हजार घन सेंटिमीटरपर्यंतच्या वर्गांत त्याच्या नांवावर ताशीं १८३.५९ मैलांचा विक्रम लागला. विक्रमासाठीं दोन विरुद्ध दिशांनीं केलेल्या धांवांची सरासरी धरतात, कारण वाऱ्याचें साहाय्य एकाच अंगास मिळूं नये. त्याच खेपेस पात्रतेसाठीं केलेल्या एका दिशेच्या धांवेंत त्याचा वेग १९०.०७ मैल भरला होता. ही गाडी ज्या कंपनीनें बनविली तिनें १९५३ सालींच उत्पादन बंद केलें होतें. म्हणजे जन्मदात्या कारखान्याच्या पश्चात् चौदा वर्षांनीं त्याचें अपत्य आपल्या आयुष्यांतील सर्वांत मोठा पराक्रम करीत होतें, आणि त्या अपत्याच्या अंगीं कारखान्याचें लोखंड फारच थोडें उरलें होतें.

मराठी वाचकांस बखर आणि दप्तर यांतील फरक सांगावयास नको. १८९८ सालीं राजवाड्यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून अस्सल कागदांपुढें बखरीची साक्ष दुय्यम होय हें आपल्या इतिहासविचारांत ठरून गेलें आहे. मन्रोचीही एक बखर झाली आहे. रॉजर डोनाल्डसन यांनीं १९७१ सालीं त्याच्या हयातींतच त्याच्यावर एक माहितीपट केला, आणि २००५ सालीं त्याच विषयावर मोठा चित्रपट काढला. त्यांत मन्रोची भूमिका अँथनी हॉपकिन्स यांनीं केली. चित्रपट मनोवेधक आहे. परंतु कथेच्या सोयीसाठीं त्यानें नऊ खेपा एका प्रवासांत गुंडाळल्या आहेत. म्हातारा घरून निघतो, अडचणी सोसतो, मिठागरावर पोहोंचतो आणि जिंकतो. कलाकृति म्हणून यांत दोष काढण्याचें कारण नाहीं. इतिहास म्हणून मात्र यांत नेमकी तीच वस्तु गाळली गेली आहे जी मन्रोनें खर्च केली. ती वस्तु म्हणजे काळ.

१९२६ पासून १९६७ पर्यंत एकेचाळीस वर्षें होतात. जो जोडदांडा पैसेवाल्यानें एका पत्रानें मागविला असता त्यावर याचे महिनोंमहिने गेले. १९४० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत पत्नीपासून विभक्त झाल्यावर त्यानें नोकरी सोडली आणि गाडीच्या सोबतीनें गॅरेजवजा खोलींतच बिऱ्हाड केलें. त्याला चार मुलें होतीं. अपघात त्यानें अनेक सोसले. हे सर्व आंकडे कोणत्याही दुकानाच्या पावतीवर येत नाहींत, म्हणून गाडी 'स्वस्तांत' झाली असें आपण म्हणतों. वास्तविक स्वस्तांत कांहींच झालें नाहीं. पैशाच्या खात्यांतला खर्च काळाच्या, शरीराच्या आणि संसाराच्या खात्यांत वळता झाला, इतकेंच.

यावरून मन्रोचा उद्योग व्यर्थ होता असा निष्कर्ष काढणें चुकीचें होईल. जो खर्च त्यानें केला तो त्यानें समजून उमजून केला, आणि त्याच्या मोबदल्यांत त्याला पैशानें न मिळणारें कांहीं मिळालें. पैसे देऊन भाग आणणाऱ्याला भाग मिळतो. भाग घडविणाऱ्याला त्या भागाचें ज्ञानही मिळतें. इंजिनाचा आवाज किंचित् बदलला तर आंत काय बिघडत आहे हें ज्याला तें लोखंड घांसून ठाऊक आहे त्यालाच आधीं कळतें. दारिद्र्यानें त्याला हें ज्ञान दिलें असें म्हणणें मात्र आम्हांस मान्य नाहीं. तसें असतें तर जगांतील प्रत्येक गरीब कारागीर विक्रमवीर झाला असता. दारिद्र्यानें फक्त सोपी वाट बंद केली. उरलेल्या अवघड वाटेवर चाळीस वर्षें टिकून राहिली ती त्याची चिकाटी. या दोहोंची गल्लत करून गरिबीचे गोडवे गाणें हें ज्यांनीं ती सोसली नाहीं अशांचेंच काम आहे.

शेवटीं एक प्रश्न उरतो. सिलिंडर, दट्टे, दांडे, कॅम, झडपा इतकें सर्व बदलल्यावर ती गाडी १९२० ची 'स्काउट' राहिली काय? पाश्चात्त्य तत्त्वज्ञांनीं अशा प्रश्नांचा पुष्कळ ऊहापोह केला आहे. आपल्याकडे जीर्णोद्धाराची जुनी चाल असल्यामुळें त्याचें उत्तर आपणांस तितकें अवघड वाटूं नये. देवळाचे चिरे बदलतात, शिखर नवें होतें, सभामंडप वाढतो. पण पूजा खंडित झाली नाहीं तोंवर देऊळ तेंच असें आपण मानतों. मन्रोच्या गाडीचे चिरे जवळजवळ सर्व बदलले, तरी तिची सेवा एका हातानें अखंड चालली. म्हणून ती तीच गाडी होय. उलट मूळचे सर्व भाग जसेच्या तसे ठेवून कांचेआड ठेवलेलें, कधींही न चालणारें इंजिन अधिक 'अस्सल' म्हणावें काय, याचा विचार जुन्या गाड्या जमविणाऱ्यांनीं अवश्य करावा.

मन्रो १९७८ च्या जानेवारींत वारला. त्याची गाडी आज इन्व्हरकार्गिल येथें ई. हेज या हत्यारें व लोखंडी सामान विकणाऱ्या दुकानांत लोकांस पाहावयास मिळते, आणि अशा वस्तूला याहून योग्य जागा सांपडणें कठीण. त्याच्या १९६७ च्या विक्रमाचा हिशेब मात्र तेव्हांही पुरा झालेला नव्हता. पुढें पुष्कळ वर्षांनीं त्याचा मुलगा जॉन यास त्या विक्रमाचे आंकडे पाहतांना सरासरीच्या गणितांत चूक आढळली. अमेरिकेंतील मोटारसायकलस्वारांच्या संस्थेनें ती मान्य करून २०१४ सालीं विक्रमाचा आंकडा ताशीं १८४.०८७ मैल असा दुरुस्त केला. फरक अर्ध्या मैलाचा. तो लक्षांत येण्यास सत्तेचाळीस वर्षें लागलीं. जमेच्या बाजूची ही चूक मुलानें कागद पाहून सुधारली. खर्चाच्या बाजूस अशी दुरुस्ती कोणीं करावयाची, आणि कोणत्या कागदावरून? त्यासाठीं आपणांजवळ ती मोडक्या भागांची फळी तेवढी आहे. मन्रोचा इतिहास लिहिणारानें तिजपासून आरंभ करावा.